चंद्राची पाठ आणि पांढुर्ण्याचं पाणी

आर्वीकडची आमची माणसं नागपूरपर्यंत जातात आणि परत येतात. गाडी पुढंही जाते हे त्यांना माहीत आहे, पण पुढं काय आहे म्हणून विचारलं तर "हिंदीवाले" एवढंच सांगतात. मी पुढं जाऊन आलो. हिंदीवाले आहेत, पण बोलतात आपल्यासारखंच. भाकर आपल्यापेक्षा जाड थापतात, आणि संत्र्याच्या दिवसांत पाहुण्याला एकच संत्रं देणं हा अपमान समजतात. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी लिहितो. माझी शाळा दुसरीपर्यंत. पण जे पाहिलं तेच लिहीन, ऐकलेलं असलं तर ऐकलं म्हणून लिहीन.

जाण्याचं कारण पहिले सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही.

कौसल्या माझी एकुलती एक लेक. दीड वर्षापूर्वी वैशाखात तिचं लग्न पांढुर्ण्याच्या देविदासशी झालं. देविदास सौंसरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. त्याचे वडील लक्ष्मणबुवा रेल्वेत गँगमन होते, आता घरी असतात. लेकीच्या सासऱ्याला आमच्या बोलीत इवाई म्हणतात, आणि तोही आपल्याला इवाईच म्हणतो. लग्नाच्या दिवशी संध्याकाळी पंगत बसली होती आणि पुनवेचा चंद्र वर आला होता. इवाई म्हणाले, "आमचा देविदास सांगते, चंद्र पृथ्वीभोवती तं फिरतेच, पण सोताभोवतीबी फिरते."

मी म्हटलं, "कसा फिरन? साठ वर्सांपासून तोच ससा पाहून राहिलो मी. फिरला असता तं कधी पाठ दिसली असती का नाई?"

ते म्हणाले, "राहू द्या इवाई, तुमी दुसरी शिकलेले," आणि पंगतीतली माणसं हसली. माझं म्हणणं कोणी खोडलं नव्हतं, नुसते हसले. मी पानावरून उठलो आणि म्हटलं, "चंद्र फिरते हे माह्या डोयानं दिसल्याबिगर तुमच्या घरचं पाणी पिणार नाई."

आता आमची रीत अशी. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी आणायची. न्यायला बाप जातो, इवायाच्या घरी पाणी घेतो, जेवतो, मग ते लेक पाठवतात. पाणी न घेता उठला तर तो भांडायला आला असं धरतात. मी गेलोच नाही. बायको वारली आहे, घरात बाईमाणूस नाही, म्हणून बाळंतपण सासरी केलं, असं मी गावात सांगत होतो. खरं कारण वर लिहिलं ते. पोरगा झाला. अडीच महिन्यांनी कौसल्याचं पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती. "बाबा, मला माहेरी यायचं आहे."

मी दुसऱ्या दिवशी निघालो. शपथ सोबतच होती.

पांढुर्णा

इवायाच्या घरचं पाणी प्यायचं नाही म्हणून मी छागल घेतली होती. छागल म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी, ट्रकवाले पुढं टांगतात ती. गाडीत खुंटीला टांगली. नरखेडच्या पुढं समोरचा माणूस एकदम उभा राहिला. कापसाचा दलाल असावा, धोतर बगळ्यासारखं पांढरं.

"ओ बुढेबाबा, तुमची छागल माह्या मांडीवर मुतून राहिली ना!"

"पाणीच आहे जी, सुकन."

"सुकन, पण पांढुर्ण्याले उतरल्यावर लोक काय म्हणतीन मले?"

डब्यातले सगळे हसले, तोही हसला. त्यानं मला दोन संत्री दिली आणि पांढुर्णा येईपर्यंत स्वतःच्या मुलीच्या लग्नाची गोष्ट सांगितली. नरखेडपासून जमीन चढत जाते. आपल्याकडं काळी माती संपता संपत नाही, इथं काळ्या वावराच्या बाजूलाच लाल मुरमाचं टेकाड येतं आणि टेकाडाच्या पोटाशी संत्र्याचा बगीचा असतो. झाडं आपल्या लिंबाएवढीच, पण फळानं अशी वाकलेली की खालून टेकू दिले होते.

पांढुर्ण्याचं स्टेशन सोडलं की कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग. वाऱ्यानं उडालेला कापूस विजेच्या तारांना लटकत होता. पुढं एका आवारात गवतावर संत्र्यांचे ढीग घातले होते आणि बाया ती निवडत बसल्या होत्या. त्यांचे डोळे एकमेकींकडं, तोंड गप्पांत, आणि हात आपला लहान फळ इकडं, मोठं तिकडं टाकत होता. मी बराच वेळ उभा राहून पाहिलं. एकही फळ चुकीच्या ढिगात पडलं नाही. त्या गावात दुकानांच्या पाट्या हिंदीत आहेत आणि भांडणं मराठीत होतात. पोह्यांवर जिलबी ठेवून देतात. मी जिलबी वेगळी मागितली तर हॉटेलवाला म्हणाला, "पोटात गेल्यावर कोण वेगळी ठेवते, काका?"

इवायाचं घर रुळांच्या पलीकडं. चुन्यानं रंगवलेलं, अंगण झाडलेलं. इवाई खाटेवर बसून दोरी वळत होते. मला पाहून उठले.

"या या, इवाई. जयभीम. काय म्हणते चंद्र? थांबला का?"

"जयभीम. तो फिरतच नाई तं थांबन कायले?"

इवायाची बायको, आमच्या इहीनबाई, पाण्याचा गिलास घेऊन आल्या. मी गिलासावर हात आडवा धरला. इवायाचं हसू गेलं.

"मंग कायले आले तुमी?"

"लेक न्याले आलो."

"न्या ना. तुमचीच आहे. पाणी प्या न् घेऊन जा."

"पाणी नाई."

"मंग लेकबी नाई. रीत काही म्या नाई केली."

इहीनबाई गिलास हातात धरून म्हणाल्या, "दोन बुढे न् एक चंद्र. पोरगी बिचारी मधात उभी सुकून राहिली."

कौसल्या आणि पोरगं देविदाससोबत सौंसरला राहत होती. मी म्हटलं, नातवाला पाहून तरी येतो. इवाई म्हणाले, "त्याले कोणाची मनाई नाई." आणि त्यांनी स्वतः येऊन सौंसरच्या मोटारीत मला खिडकीची जागा धरून दिली. भांडण होतं, पण खिडकी दिली, हे मी नाकारत नाही.

सौंसर

सौंसरच्या रस्त्यानं उत्तरेला सातपुड्याचे डोंगर दिसतात. निळे, एकामागं एक, जशा वाळत घातलेल्या गोधड्या. गाव पांढुर्ण्यापेक्षा शांत. बाजारात तुरीचे हिरवे दाणे, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी, आणि बायांची लुगडी आपल्याकडच्यासारखीच.

देविदासनं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आहेत. कौसल्या दारातच होती. तिनं पोरगं माझ्या हातात दिलं. डोकं माझ्यासारखं आहे, मोठं. मग ती आत गेली आणि पाणी घेऊन आली.

इवायाच्या पोराचं घर म्हणजे इवायाचंच घर. मी हात आडवा धरला. ती गिलास परत घेऊन गेली.

भाकरीचं मात्र मी ठरवलं की शपथ पाण्याची होती, भाकरीची नव्हती. संध्याकाळी तिनं जाड भाकर, अंबाडीची भाजी आणि ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी वाढली. मी आमटी बाजूला केली, भाजी घेतली.

"भाजीत पाणी नाई का, बाबा?"

"शिजलं म्हणजे ते भाजी झालं."

"न् आमटीतलं?"

"ते दिसून राहिलं ना अजून."

तिसऱ्या घासाला मला उचकी लागली. ती कितीतरी वेळ गेली नाही. देविदास खाली मान घालून जेवत होता, पण त्याचे खांदे हलत होते. शेवटी मी उठून बाहेरच्या सरकारी हातपंपावर गेलो आणि ओंजळीनं प्यालो.

मार्गशीर्षाची पुनव होती. विहारात वंदना झाली, आम्ही ओट्यावर येऊन बसलो. समोरच्या कौलावर चंद्र निघाला. तोच ससा.

देविदास माणूस चांगला आहे. हसणारा नाही. तो म्हणाला, "बाबा, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पाठ दिसत नाही हे खरंच. पण त्याचं कारण तो फिरत नाही हे नाही. पृथ्वीभोवती एक फेरा घेता घेता तो स्वतःची बरोबर एकच गिरकी घेतो."

"इतका बरोबर कसा? त्याच्या हातात घड्याळ आहे?"

"अंतरामुळे. चंद्र जवळ असला की मोठ्या ग्रहाची ओढ त्याला जोरात बसते. आधी तो भरभर फिरत असेल, पण ती ओढ त्याला आवरत जाते. शेवटी एक बाजू कायमची आतल्या अंगाला राहते. गुरूचे चार मोठे चंद्रही असेच आहेत. पण शनीचा एक फार लांबचा चंद्र आहे. अमेरिकेचं यान शनीजवळून गेलं तेव्हा त्याची गिरकी मोजली. शनीभोवती एक फेरा मारायला त्याला दीड वर्ष लागतं, आणि स्वतःची गिरकी अर्ध्या दिवसाच्या आत. तो इतका लांब आहे की ओढ त्याला आवरू शकली नाही."

त्यानं एक मोठं संत्रं मधात ठेवलं आणि एक छोटं त्याच्याभोवती फिरवून दाखवलं. छोट्याचा देठ मोठ्याकडंच राहिला.

मी म्हटलं, "हे तुमी हातानं फिरवून राहिले, मास्तर. वर कोणाचा हात आहे?" आणि छोटं संत्रं सोलून खाल्लं. संत्र्याच्या रसाला मी पाणी धरलं नाही.

किसनाजीचं खळं

मला दिवसभर बसून राहता येत नाही. घराच्या मागंच किसनाजी नावाच्या शेतकऱ्याचं वावर होतं आणि खळ्यात ज्वारीची मळणी चालू होती. मी गेलो आणि म्हटलं, हात लावू का? तो म्हणाला, "लावा ना बुवा, माणूस कमीच आहे."

खळं ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. मधात लाकडाचा खांब पुरतात, ती मेढ. मेढीला एक बैल बांधतात, त्याच्या गळ्याला दुसरा, दुसऱ्याला तिसरा. सगळे एका ओळीत मेढीभोवती गोल चालतात आणि खुरांखाली कणसं मळली जातात. आमच्याकडं मेढीजवळ म्हातारा, शहाणा बैल बांधतात, कारण त्याला थोडंच चालावं लागतं. किसनाजीनं तिथं नवा गोऱ्हा बांधला होता. मी म्हटलं, हे उलटं आहे. तो म्हणाला, "आमी नव्यालेच जवळ बांधतो. दोर आखूड असला की दुपारपर्यंत सरळ होते." खरंच, सकाळी तो गोऱ्हा मान झटकत होता, गरकन फिरून उलटं तोंड करत होता. ऊन चढलं तसा वळणाला लागला. बाहेरच्या टोकाला दोर सैल असल्यानं तिसरा बैल अजून इकडंतिकडं तोंड मारत होता. आणि किसनाजीचं एक वासरू, ज्याला काहीच बांधलं नव्हतं, ते खळ्याच्या पार कडेनं आपल्याच गिरक्या घेत नाचत होतं.

मी म्हातारा म्हणून मला मेढीजवळ उभं केलं होतं, बाहेर आलेली कणसं आत ओढायला. किसनाजी मागून हाकत होता. तास-दोन तास गेले. किसनाजीनं स्वतःच्या मडक्यातलं पाणी लोटाभर काढून मला दिलं, मी उभ्यानंच प्यालो. गार होतं. लोटा खाली ठेवला तर खळ्याच्या काठावर कौसल्या उभी. काखेत पोरगं, हातात माझी भाकर. तिनं पाहिलं होतं.

"गोड लागलं का, बाबा?"

मी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

"तुमीच सांगत होते ना, आजोबाले विहिरीवर हात लावू देत नोते. दुरून ओंजळीत ओतत. ते सांगताना तुमच्या डोयात पाणी यायचं. आमच्या हातचं पाणी कोणी नाकारलं तं कसं लागते, हे तुमीच मले शिकवलं." ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं. "न् आता तुमी माह्या हातचं नाकारून राहिले. एका चंद्रापायी."

बैल चालत होते. मी कणसं ओढत राहिलो. दुसरं काय करणार?

थोड्या वेळानं तीच पुन्हा म्हणाली, "किसनाजीकाका, त्या कडेच्या बैलाच्या उजव्या कुशीवर केवढी जखम आहे! माश्या बसून राहिल्या."

बैलाचं मला कोणी सांगावं? मी म्हटलं, "काही जखम नाई. दोन तास झाले, मी पाहून राहिलो त्याले."

"तुमी मधात उभे आहात, बाबा. तुमाले त्याची डावी बाजूच दिसून राहिली. इकडं येऊन पाहा."

मी बैल थांबवू दिले नाहीत. ओळ पुढं गेली तसा बाहेर आलो आणि काठावर तिच्याजवळ उभा राहिलो. बैल फिरून समोर आला. उजव्या कुशीवर हाताएवढं सोललं होतं, बंडीच्या खुट्यानं असावं. मग तो पुढं गेला, शेपटी दिसली. मेढीपलीकडं गेला, डावी कूस दिसली. मग तोंड करून आमच्याकडं आला. मग पुन्हा ती जखम.

मी तिथंच उभा राहिलो. अजून एक फेरा पाहिला. अजून एक.

मेढीजवळून पाहिलं तर त्यानं दोन तास मला एकच बाजू दाखवली होती. काठावरून पाहिलं तर एका फेऱ्यात त्यानं चारी बाजू दाखवल्या. मग तो फिरला का नाही? फिरलाच. बैल जर फिरत नसता, तर तोंड पूर्वेला धरून मेढीभोवती गेला असता, कधी पुढं, कधी आडवा, कधी उलट्या पावली. असा बैल मी साठ वर्षांत पाहिला नाही. आणि साठ वर्षं खळ्यात घालवली, तरी हे मला दिसलं नव्हतं. कणसांकडं पाहत होतो.

जवळचा गोऱ्हा सरळ झाला होता. लांबचा अजून तोंड मारत होता. वासराला तर दोरच नव्हता. मास्तरचा तो शनीचा लांबचा चंद्र काय, तो त्या वासराच्याही पलीकडं असेल.

"किसनाजी, हळद आणा," मी म्हटलं. बैलाच्या जखमेला हळद-तेल लावलं. मग कौसल्याला म्हटलं, "उद्या पांढुर्ण्याले जाऊ."

"पाणी आणू का?"

"शपथ तुह्या सासऱ्यासमोर घेतली. त्यायच्यासमोरच सुटन. एक दिवस थांब."

तिनं माझ्याकडं पाहिलं, भाकर सोडून माझ्यासमोर ठेवली. उचकी लागली नाही.

पुन्हा पांढुर्णा

सौंसरहून छोट्या लाईनीची गाडी लोधीखेड्यावरून सरळ नागपूरला जाते. देविदास म्हणत होता, ती गाडी पाहण्यासारखी आहे, वळणावर इंजिन आपल्याच डब्यांकडं पाहतं. ती पाहायची राहिली. आम्ही चौघं मोटारीनं उलटे पांढुर्ण्याला आलो, मी, कौसल्या, देविदास आणि पोरगं. कौसल्यानं पोराची दुपटी तेवढी घेतली होती. बाकी काही घेतलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "पहिले पाणी प्या."

इवाई अंगणातच होते. मी पायरीवर थांबलो आणि मोठ्यानं म्हटलं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. हसले होते ते चारचौघांत, तर बोलणंही चारचौघांतच व्हायला पाहिजे.

"इवाई, चंद्र फिरते."

ते म्हणाले, "देविदासनं शिकवलं वाटते."

"मास्तरनं सांगतलं तवा म्या आयकलं नाई. बैलानं दाखवलं."

"बैलानं?"

मी त्यांना हात धरून अंगणाच्या मधात उभं केलं. "तुमी मेढ. हलू नका. मी फिरतो, तसे नुसते माह्याकडं पाहत राहा." आणि मी त्यांच्याकडं तोंड करून त्यांच्याभोवती गोल चालायला लागलो. शेजारच्या दोन बाया कुंपणाला आल्या. इवाई पाय न हलवता मान वळवत होते आणि कंबर धरत होते.

"माही पाठ दिसली का तुमाले?"

"नाई."

"इहीनबाई, तुमी दारात आहा. तुमाले काय दिसलं?"

इहीनबाई म्हणाल्या, "मले तं तोंड दिसलं, दोन्ही कुशी दिसल्या, पाठ दिसली, न् पाठीवर सदरा फाटलेलाबी दिसला."

कुंपणावरच्या बाया हसल्या. या वेळी मला काही वाटलं नाही. मी म्हटलं, "म्हणजे मी फिरलो. मधातल्याले कळलं नाई एवढंच. आपण सगळे मधात उभे आहोत, इवाई."

इवाई खाटेवर बसले. टाचा चोळत हळू आवाजात म्हणाले, "खरं सांगू का? मी तं पोरगं म्हणते म्हणून म्हणत होतो. कसा फिरते ते मले कुठी समजलं होतं? आज समजलं." मग म्हणाले, "त्या दिवशी दुसरीचं बोललो, ते बोलाले नोतं पायजे. मीबी तिसरीतूनच पयालो आहे."

"एक वर्ग पुढंच आहा तुमी," मी म्हटलं.

आणि मग मी पाणी मागितलं. इहीनबाई उठत होत्या, पण कौसल्या पुढं झाली. पोरगं माझ्या मांडीवर ठेवलं, आत गेली आणि पितळेचा गिलास भरून आणला. मी दोन्ही हातांनी घेतला. विहिरीचं पाणी होतं, थोडं खारट, पांढुर्ण्याचं पाणी तसंच आहे. ती समोर उभी होती. मी एका दमात संपवला आणि दुसरा मागितला. तोही संपवला.

ती रिकामा गिलास घेऊन आत गेली. इवाई मला विचारत होते की सकाळच्या गाडीनं जाता का दुपारच्या, आणि इहीनबाई सांगत होत्या की जेवल्याशिवाय कोणीच कुठी जाणार नाही. तेवढ्यात आतल्या खोलीतून खाटेखालची कौसल्याची लोखंडी पेटी फरशीवरून ओढत बाहेर काढल्याचा आवाज आला.

"मोठी पेटी काढून राहिली," इहीनबाई म्हणाल्या. "चांगली दोन महिने राहते बाप्पा आता."

मी म्हटलं, "राहू द्या तिले."

इवायांनी मान डोलावली.